घंगाळाचा स्पीकर करताना: तांब्याच्या भांड्यांतून वाजणाऱ्या एका विद्यार्थी मांडणीचा प्रकरण अभ्यास

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम, म्हणजे तांब्याच्या भांड्याला हातोड्याने ठोके देण्याचे काम, चालू असले की ठोके गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतात. कलाशाखेच्या शेवटच्या वर्षातल्या तिघांनी परीक्षेसाठी हाच विषय घेतला. मांडणीचा (इन्स्टॉलेशनचा) आराखडा असा: अंधारी वर्गखोली, समोरासमोरच्या भिंतींवर दोन प्रोजेक्टर, एकीकडे कारागिराचे हात आणि हातोडा, दुसरीकडे ठोके पडणारा तांब्याचा पत्रा अगदी जवळून. चार कोपऱ्यांत चार स्पीकर. मध्ये दोन घंगाळे, एक हंडा आणि एक परात. मुदत आठ आठवड्यांची.

हे प्रकरण कुठल्या एका महाविद्यालयाचे नाही. अशा कामांत हटकून येणाऱ्या अडचणी इथे एका मांडणीत गुंफल्या आहेत. हिशेब मात्र कोणालाही ताडून पाहता येतील.

पहिल्या आराखड्यातली खरी उणीव तंत्राची नव्हती. भांडी तिथे नुसती ठेवलेली होती, शोभेला. मार्गदर्शकांनी ती का ठेवली आहेत असे विचारले, तेव्हा तिघांकडे उत्तर नव्हते. तिथून काम वळले. कोपऱ्यातले स्पीकर काढायचे आणि भांड्यांनाच स्पीकर करायचे असे ठरले. ही युक्ती जुनी आहे. वस्तूंना ट्रान्सड्यूसर (विजेच्या सिग्नलचे कंपन करणारे उपकरण) चिकटवून त्यांच्यातूनच आवाज काढायचे काम अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६८ पासून केले. हेच ट्यूडर १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरचा (विजेवर आवाज घडवणाऱ्या यंत्राचा) स्टुडिओ उभा करायला आले होते.

आळीतले रेकॉर्डिंग

गल्ली अरुंद, शेजारच्या दुकानातही ठोके चालू, मधूनच दुचाकी. हवेतला आवाज पकडणारा माइक यातले काहीच वेगळे करू शकत नाही. म्हणून पिएझो चकत्यांचे, म्हणजे कंपनाने वीज देणाऱ्या चकत्यांचे, कॉन्टॅक्ट माइक केले; ते हवेतला आवाज नव्हे, टेकलेल्या वस्तूचे कंपन पकडतात. २७ मिलिमीटर व्यासाची चकती बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास, किरकोळ किमतीत मिळते. पाच-सहा घ्याव्यात, कारण झाळताना एखादी जातेच. मधल्या पांढऱ्या भागावर चांदीचा पातळ मुलामा असतो. तिथे सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकले की मुलामा उचलला जातो आणि चकती मुकी होते. पितळी कडेला उष्णता जास्त लागते, तिथे घाई चालत नाही. वायर शील्ड असलेलीच घ्यावी. साधी दुहेरी वायर म्हणजे घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीसाठी अँटेना.

पहिली चाचणी चकती थेट कॅमेऱ्याच्या माइक सॉकेटला जोडून झाली. आवाज पत्र्याच्या डब्यासारखा आला. चकती खराब नव्हती, जोडणी चुकीची होती. पिएझो चकती विजेच्या दृष्टीने कपॅसिटरसारखी वागते. या आकाराला साधारण २० नॅनोफॅरड. पुढच्या इनपुटचा रोध आणि ही कपॅसिटी मिळून एक हाय-पास फिल्टर, म्हणजे खालचे सूर अडवणारी गाळणी, तयार होतो. इनपुट १० किलोओहमचे असेल तर सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचे सगळे उतरत जाते. कॅमेऱ्याचे माइक इनपुट त्याहूनही कमी रोधाचे असते. तीच चकती १ मेगाओहमच्या इनपुटला लावली की ही सीमा ८ हर्ट्झवर जाते आणि हातोड्याचे वजन ऐकू येते. ऑडिओ इंटरफेसवर (संगणकात आवाज नेण्या-आणण्याच्या पेटीवर) गिटारसाठी जे इन्स्ट्रुमेंट इनपुट असते ते हेच. ते नसेल तर एका जेफेटचा (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) छोटा बफर ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि डब्यात बसतो. पोस्ट प्रोसेसिंगमध्ये बास वाढवून ही चूक झाकता येत नाही. जे आलेच नाही ते वाढवले की फक्त गुणगुण वाढते.

पुढचा प्रश्न चकती लावायची कुठे. भांड्याला, हे उत्तर सुचणे साहजिक आहे, पण मठारताना कारागीर दर ठोक्यागणिक भांडे थोडे फिरवतो. वायर दोन मिनिटांत गुंडाळली जाते. "भांडं फिरतं ताई, वायर अडकंल," हे ऐकायला लागायच्या आतच चकती भांडे ज्यावर टेकते त्या लोखंडी आधाराला लावावी. हातोड्याच्या मार्गात ती कधीच नसावी. थेट दणका बसला तर पिएझोतून दहा-वीस किंवा त्याहून जास्त व्होल्ट निघू शकतात आणि इनपुट जाते. पितळी बाजू आणि लोखंड यांच्यामध्ये कापडी टेपचा एक थर द्यावा, नाहीतर सगळा आधार सर्किटला जोडला जातो आणि गुणगुण येते.

या आधाराच्या रेकॉर्डिंगमध्ये तांब्याचा नाद जवळजवळ नव्हता, नुसता कोरडा, घट्ट ठोका होता. ध्वनीचे काम पाहणारीने ते 'राखीव' म्हणून बाजूला ठेवले आणि सोबत हवेतल्या माइकवर घेतलेले घणघणते ठोके पसंत केले. निवड उलटी होती, पण ते कळायला भांडी हातात यावी लागली.

पातळीबद्दल एकच सांगणे: सगळ्यात मोठा ठोका उणे १२ डेसिबलपाशी, म्हणजे रेकॉर्डरच्या कमाल मर्यादेच्या १२ डेसिबल खाली, राहील असा गेन ठेवावा. एकाच हाताचे ठोकेही बरेच कमीजास्त पडतात. ३२-बिट फ्लोटचा रेकॉर्डर आहे म्हणून निर्धास्त राहणे धोक्याचे, कारण फाइल फाटली नाही तरी माइकची कॅप्सूल फाटू शकते. कानात फोमचे बोळे हवेतच. आणि कारागिराची मजुरी कामावर ठरते. "पुन्हा एकदा मारा ना" म्हणणे म्हणजे त्याचा वेळ फुकट मागणे. त्याच्या अर्ध्या दिवसाचे पैसे आधी ठरवून द्यावेत. चित्र आणि आवाज कुठे वापरणार हे मराठीत लिहून सही घ्यावी.

चित्रीकरण

इथे थोडक्यात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सेकंदाला २५ फ्रेम असताना शटर १/५० सेकंद ठेवले की पट्टे येत नाहीत. फोन मुळात ३० फ्रेमवर असतो आणि शटर स्वतःच ठरवतो, त्यामुळे पट्टे सरकताना दिसतात. शिवाय बरेच फोन बदलत्या फ्रेमरेटने चित्रीकरण करतात. असा व्हिडिओ वेगळ्या रेकॉर्डरच्या आवाजाशी शेवटपर्यंत जुळत नाही. संकलनाआधी तो स्थिर २५ फ्रेमवर बदलून घ्यावा. आवाज सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ. ४४.१ ची फाइल ४८ समजून वाजली तर जवळजवळ नऊ टक्के वेगाने धावते आणि सूर हार्मोनियमच्या जवळजवळ दीड पट्टीने चढतो.

स्लो मोशनमध्ये गाडी अडली. दुकानातल्या ट्यूबखाली १२० फ्रेमने घेतलेले शॉट धडधडत होते. १२० आणि १०० यांचा मेळ बसत नाही. दर सहा फ्रेमनंतर उजेडाचा तोच टप्पा येतो आणि २५ फ्रेमने दाखवताना सेकंदाला चार झटके दिसतात. सॉफ्टवेअरने हे थोडे कमी होते, पूर्ण जात नाही. तेच शॉट दाराशी, उन्हाच्या उजेडात पुन्हा घेतल्यावर प्रश्न संपला.

भांडी

कामाचा गाभा हाच आणि वेळही इथेच गेला पाहिजे. या तिघांनी त्याला शेवटचे तीन आठवडे ठेवले होते. पहिल्या आठवड्यात एक घंगाळ आणि एक एक्सायटर हाताशी असता तर निम्मे संकलन वाचले असते.

एक्सायटर म्हणजे कागदी कोन नसलेला स्पीकर. त्याची कॉइल ज्या पृष्ठभागाला चिकटवाल तो हलतो. इथे ४ ओहमचे, १० वॉटचे चार घेतले. पहिला घंगाळाच्या तळाला बाहेरून बरोबर मध्यावर लावला, कारण तिथे सपाट जागा होती. आवाज बोथट आला. कारण भांड्याच्या कंपनात आहे. तांब्याच्या भांड्याचा जो घंटेसारखा नाद आपल्याला ओळखीचा असतो तो काठ आलटून पालटून लंबगोल होण्यातून येतो आणि या कंपनात तळाचा मध्य हलतच नाही. तिथे कितीही ढकलले तरी तो नाद जागा होत नाही. एक्सायटर बाजूच्या भिंतीवर, काठाच्या खाली चार-पाच बोटांवर नेला आणि घंगाळ बोलू लागले. काठावर न हलणारे बिंदूही असतात आणि नेमकी जागा भांड्यागणिक बदलते. म्हणून आधी बोटाने टिचकी मारत काठाभोवती फिरावे, एक्सायटर हाताने टेकवून ऐकावे आणि मगच चिकटवावे. जिथे कडी रिव्हेटने बसवली आहे तिथे वजनामुळे कंपन बदलते, ती जागा टाळावी.

पण बाजू गोल आणि एक्सायटरचे तोंड सपाट. नुसत्या दुहेरी टेपने कडेला फट राहते, वरचे सूर गळतात आणि तासाभरात एक्सायटर खाली. उपाय एम-सीलचा: भांड्यावर क्लिंग फिल्म ताणायची, तिच्यावर एम-सीलची छोटी गादी दाबून भांड्याचा बाक घ्यायचा, वरची बाजू काचेच्या तुकड्याने सपाट करायची. रात्रभर वाळू द्यायचे. मग फिल्म सोलायची आणि गादी दोन्हीकडून जाड दुहेरी फोम-टेपच्या ऐवजी पातळ, कडक चिकट टेपने बसवायची. फोम जितका मऊ तितका आवाज तोच खातो. फिल्म न लावता एम-सील थेट भांड्यावर लावले तर भाड्याने आणलेले घंगाळ विकत घ्यावे लागते.

खाली काय ठेवायचे हाही प्रश्न. दिसायला सुंभाची चुंबळ छान, आणि मांडणीच्या छायाचित्रात ती सगळ्यांना हवी असते. मात्र चुंबळ तळाला सर्व बाजूंनी धरते आणि नाद मारते. चुंबळ काढून तीन ठिकाणी रबराचे तुकडे दिले तर फरक कोणालाही ऐकू येतो. हंड्याला मात्र चुंबळच ठेवली, कारण त्याचा नाद फार लांबत होता. परात तीन तुकड्यांवर, उताणी.

आता रेकॉर्डिंगच्या निवडीची गोष्ट. हवेतल्या माइकचे घणघणते ठोके घंगाळातून वाजवले तेव्हा सगळे चिखल झाले. रेकॉर्डिंगमध्ये एका भांड्याचा नाद आधीच होता, त्यावर दुसऱ्या भांड्याने आपला चढवला. हेडफोनवर जे उत्तम वाटत होते ते भांड्यात उरले नाही. बाजूला टाकलेला आधाराचा कोरडा ठोका लावला, तेव्हा तो घंगाळात शिरून घंगाळाचाच होऊन बाहेर आला, जणू कोणी आत्ता मारला. पाच आठवड्यांत हेडफोनवर बसून केलेले मिक्सिंग इथे बाद झाले. अशा कामात मिक्स भांड्यातच होतो. संगणकावर त्याची फक्त सामग्री तयार होते.

प्रत्येक भांड्याला मग असे तपासले: १०० ते ५००० हर्ट्झचा सरकता सूर मिनिटभरात, अगदी कमी पातळीवर. जिथे भांडे एकदम ओरडते ती वारंवारता टिपायची आणि इक्वलायझरने ६ ते ९ डेसिबल खाली आणायची. जिथे कडी खडखडते तीही टिपायची. एका घंगाळाच्या कडीला सुती दोरा गुंडाळला, दुसऱ्याची खडखड मुद्दाम ठेवली. (ती ठेवायला हवी होती का, यावर परीक्षकांत दुमत होते. आमच्या मते हवी होती: पुण्यातल्या न्हाणीघरात घंगाळ कधी गप्प नसे.) १२० हर्ट्झच्या खाली सर्वांना हाय-पास, तो भाग एक्सायटर वाजवू शकत नाही, नुसता कॉइल तापवतो. कॉइल तापली की टेप सुटते. म्हणून सलग चालणाऱ्या मांडणीत सरासरी शक्ती क्षमतेच्या निम्म्याहून कमी ठेवावी आणि शेवटी लिमिटर (आवाज ठरावीक पातळीपुढे जाऊ न देणारा) लावावा.

अॅम्प्लिफायर आणि गुणगुण

टीपीए ३११६ चिपचे दोन स्टीरिओ बोर्ड, प्रत्येकी १२ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर. या व्होल्टेजला ४ ओहमवर चॅनेलमागे जेमतेम १५ वॉट निघतात, आणि तेवढे पुष्कळ झाले. हे बोर्ड ब्रिज पद्धतीचे असतात: स्पीकरच्या दोन्ही टोकांवर सिग्नल असतो, काळी वायर म्हणजे ग्राउंड नव्हे. वायर वाचवायला दोन एक्सायटरच्या काळ्या टोकांना एकत्र जोडले की बोर्ड संरक्षणात जातो किंवा कायमचा जातो. विद्यार्थ्यांच्या कामात सर्वांत जास्त बोर्ड याच कारणाने मरतात.

पहिल्यांदा सगळे जोडले तेव्हा चारही भांडी गुणगुणत होती, आणि लॅपटॉपचा चार्जर काढला की गप्प. हा ग्राउंड लूप, म्हणजे वेगवेगळ्या अर्थिंगमधून फिरणारा नको असलेला प्रवाह. प्रोजेक्टर, चार्जर आणि अॅम्प वेगवेगळ्या भिंतींतल्या सॉकेटना होते. सगळे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणले, इंटरफेस आणि अॅम्प यांच्यामध्ये लाइन-लेव्हलचे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातले, गुणगुण गेली. चार्जरची अर्थिंगची पिन तोडून हे साधते असे सांगणारे भेटतात. तांब्याची उघडी भांडी, हात लावणारे प्रेक्षक, आणि तुटलेली अर्थिंग: हे कदापि करू नये.

चार आउटपुटसाठी दोन स्वस्त यूएसबी साउंडकार्ड वापरायचा प्रयत्नही झाला. दोघांची घड्याळे वेगळी, त्यामुळे आवाज हळूहळू एकमेकांपासून सरकत जातो. चार आउटपुटचा एकच इंटरफेस उसना आणावा.

खोली, मेळ आणि कमी केलेली भिंत

खोली ९ बाय ६ मीटर, उंची ३.६. गुळगुळीत फरशी, गिलावा. घनफळ सुमारे १९४ घनमीटर, सर्व पृष्ठभाग मिळून २१६ चौरस मीटर. असे कठीण पृष्ठभाग सरासरी तीन टक्के आवाज शोषतात असे धरले तर सबाइनच्या सूत्राने घुमारा (आवाज विरायला लागणारा वेळ) पावणेपाच सेकंदांच्या आसपास येतो. या खोलीत चार भांड्यांचे ठोके म्हणजे गोंगाटच. मंडपवाल्याकडून जाड जाजमे आणि काळे पडदे भाड्याने आणले. पडदा भिंतीला चिकटवून काही होत नाही. भिंतीपासून वीतभर पुढे, चुण्या ठेवून टांगावा. तीस चौरस मीटर जाड कापडाने निम्मा आवाज शोषला तरी घुमारा दीड सेकंदाखाली येतो. पातळ सॅटिनचा मंडपी पडदा दिसायला काळा, कानाला असून नसल्यासारखा.

चित्र आणि ठोका यांचा मेळ हा दुसरा पेच. हातोडा पडताना दिसतो, त्यामुळे चूक लपत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाला कळते, उशिरा आला तर १२५ पर्यंत कळत नाही. प्रोजेक्टर चित्र दाखवायला वेळ घेतो आणि कीस्टोन दुरुस्ती (तिरके पडलेले चित्र चौकोनी करणारी सोय) चालू असेल तर आणखी. मोजायची सोपी रीत: एक पांढरी फ्रेम आणि त्याच क्षणी एक बीप अशी फाइल वाजवायची, फोनने २४० फ्रेमने चित्रित करायची, मधल्या फ्रेम मोजायच्या. एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद. इथे एक प्रोजेक्टर ८० मिलिसेकंद मागे होता, दुसरा ३५. आवाज ८० ने उशिरा केला की पहिली भिंत जुळते आणि दुसरीकडे आवाज ४५ ने मागे पडतो, जे खपते. आवाज नेहमी हळू प्रोजेक्टरला जुळवावा, उलट केले तर एका भिंतीवर ठोका हातोड्याच्या आधी ऐकू येतो.

मेळ बसला, तरी मांडणी बसली नाही. दोन भिंती आणि चार भांडी एकाच वेळी ठोकू लागली की प्रेक्षक मान फिरवत राहायचा आणि भांडे ऐकायचाच नाही. शेवटी दुसरी भिंत काढून टाकली. परात एकटी चित्राला बांधली; पडद्यावरचा प्रत्येक ठोका परातीतून. उरलेली तीन भांडी मोकळी, १५७, १८७ आणि २४१ सेकंदांच्या लूपवर. या तीन संख्यांना सामाईक भाजक नाही, त्यामुळे तिन्ही पुन्हा एकत्र सुरू व्हायला ८१ दिवसांहून अधिक लागतील. प्रदर्शनात कोणतीही दोन मिनिटे सारखी नव्हती आणि त्यासाठी कुठले प्रोग्रॅमिंग करावे लागले नाही.

सगळे रीपर या ध्वनिसंकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सहा तासांच्या एकाच टाइमलाइनवर मांडले आणि व्हिडिओही तिथूनच पूर्ण पडद्यावर दाखवला. त्यामुळे एकच घड्याळ राहिले. आधी व्हीएलसीवर प्रयोग झाला होता. लूप संपताना काळा झटका, आणि सुरू होताना भिंतीवर मोठ्या अक्षरांत फाइलचे नाव, ज्यात 'फायनल' हा शब्द तीनदा होता. नाव दाखवणे सेटिंगमध्ये बंद करता येते. सोबत सूचना, स्लीप आणि अपडेटही बंद करावेत.

परीक्षेचा आठवडा

एप्रिलमध्ये खिडक्या झाकलेल्या खोलीत पंखा लागतोच. छताचा पंखा प्रोजेक्टरच्या झोतात आला तर पाती चित्र कापतात, आणि पंख्याचा आवाज हलके ठोके झाकतो. कोपऱ्यात दोन स्टँडचे पंखे, मंद वेगावर, ही तडजोड झाली. पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी जाते. परीक्षा गुरुवारी नसली तरी मांडणीचा दिवस असू शकतो. वीज आली की प्रोजेक्टर आपोआप चालू होईल अशी सोय बहुतेक मॉडेलमध्ये असते, पण ती मुळात बंद असते. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, अॅम्प बंद पडतात आणि वीज परतताना एक्सायटरमध्ये मोठा 'ठप' येतो. अॅम्पचा स्विच हाताने, सगळ्यात शेवटी लावायचा, असा कागद बोर्डाशेजारी चिकटवला.

परीक्षक पंधरा मिनिटे थांबतात. वीस सेकंदांचा पूर्ण शांततेचा टप्पा त्यांना बिघाड वाटू शकतो. तो काढायचा नसेल तर पडद्यावर हात हलत ठेवावे. इथे तसेच केले. भांड्यांना हात लावू देणे हा निर्णयही चांगला ठरला. घंगाळाच्या काठावर तळवा ठेवला की नाद बसतो, उचलला की उठतो, आणि हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

नोंदणीसाठी तीन गोष्टी पुरतात: खोलीच्या मध्यावरून डोक्याच्या उंचीवरचे स्टीरिओ रेकॉर्डिंग, एका माणसाचे दार ते परात असे सलग चित्रीकरण, आणि प्रत्येक भांड्याचे एक्सायटरच्या जागेसह छायाचित्र. शेवटचे सहसा राहते, आणि मांडणी दुसरीकडे न्यायची वेळ आली की तेच लागते. अॅम्पच्या खुंट्यांवर मार्करने खूण करावी. टेप काढताना हेअर ड्रायरने ऊब द्यावी, सुरी लावू नये. उरलेला चिकटा खोबरेल तेलाने निघतो. बोटांचे काळे डाग चिंच-मिठाने जातात, पण मठारलेल्या पृष्ठभागावर ते चोळण्याआधी भांड्याच्या मालकाला विचारावे, कारण काहींना तो जुना रंगच हवा असतो.